वीतभर भोक

"टेप जरा ताणून धरा, शंकर."

शंकर गवंड्याने टेपाचं टोक पडक्या भिंतीच्या कोपऱ्याला लावलं आणि तो हसून म्हणाला, "भाऊ, भित तर पडली. आता माप घेवन तिका उबी करतलास काय?"

गुरुदासला हसता आलं नाही. त्याने वहीत आकडा लिहिला. खाडीकडची भिंत पुरात आत कोसळली होती. पंधरा दिवस होऊन गेले तरी चिरे खोलीत तसेच पडून होते आणि भगदाडातून पलीकडची कांदळाची झाडी दिसत होती. बाजेवर परशुराम भिंतीकडे तोंड करून पडला होता. चाळीस वर्षं या खाडीत तर, म्हणजे माणसं पैलतीरी नेणारी होडी, चालवलेला माणूस. डावा पाय गुडघ्याखाली चिऱ्यांनी चिरडला होता. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण होडीत उभं राहणं आता संपलं, असं सांगितलं होतं.

गुरुदास कचेरीत नकाशे काढायचा. कांदळवाडीत पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या बारा लहान घरांचा आराखडा त्याच्याच हातचा. त्यांतल्या तीन घरांच्या भिंती गेल्या. साहेबांनी त्याला पाहणीचा कागद देऊन पाठवलं होतं. कागदावर एक रकाना होता, भिंत पडण्याचे कारण. "गवंड्याचं काम कच्चं, एवढं लिहा," साहेब सहज म्हणाले होते. एकदा ते लिहिलं गेलं की शंकरला पुन्हा सरकारी काम मिळणार नव्हतं. आणि तोच शंकर सकाळपासून टेपाचं दुसरं टोक धरून, थट्टा करत, त्याच्याबरोबर घरोघर हिंडत होता.

गुरुदासने चिऱ्यांच्या दरजेतला गिलावा नखाने खरवडून पाहिला. नख मोडलं. काम पक्कं होतं.

खरं कारण त्याला ठाऊक होतं. पूर आला त्या दिवसापासून ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी, ऐंशी साली, आराखडा करण्याआधी तो इथे आला होता. घर कसं असावं याची त्याने बरीच पुस्तकं वाचली होती, पण चार माणसांत विचारायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. सुभद्राने, परशुरामच्या बायकोने, त्याला आपल्या कुडाच्या घरात नेलं आणि आपणहून दाखवलं. जमिनीलगत भिंतीत वीतभर भोक, तसंच समोरच्या भिंतीत. एरवी दोन्हींत नारळाच्या सोडणाचं बूच. खाडी चढू लागली की बुचं उपटायची. पाणी गुमान आत येतं, गुडघाभर उभं राहतं, गुमान निघून जातं. भिंतीला ढकलत नाही. भात माळ्यावर, माणसं माळ्यावर. गुरुदासला तेव्हा एवढा आनंद झाला होता की बाईंची वीत त्याने पट्टीने मोजून घेतली. पावणेआठ इंच.

नकाशात त्याने ती भोकं पेन्सिलीने काढली. साहेबांनी ती पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अहो, पाणी अडवायला घर बांधताय, की पाण्याला जेवायला बोलावताय?" कचेरी हसली. गुरुदासने उत्तर जुळवलं होतं, ते ओठांपर्यंत आलंही होतं. पण तोही हसला. हसत हसतच त्याने खोडरबर उचललं.

शंकर पुढच्या घराकडे गेला. सुभद्राने गुरुदासपुढे चहा ठेवला आणि ती दाराशी बसून त्या दिवसाचं सांगू लागली. पाणी जोत्यावर चढलं तेव्हा त्यांनी दाराला गोणी लावल्या. बाहेर कमरेएवढं पाणी आणि आत जमीन कोरडी. असं जन्मात पाहिलं नव्हतं. परशुराम खुशीत येऊन बाजेवर आडवा झाला होता. गुरुदासान घर बरा बांधल्यान, असं तो म्हणाला, आणि मग भिंत आली.

गुरुदासने चहाचा कप खाली ठेवला.

"शंकराक मी इचारलंलंय," सुभद्रा म्हणाली. "भोक खंय रे? तर तो म्हणालो, कागदार नाय. तुका तर मी दाखवलंलंय मां?"

"दाखवलं होतं." कचेरीची भाषा तोंडात आली तशी त्याला स्वतःचीच किळस आली. तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, "काडलंलंय, अक्का. मगे पुसलंय. सायब हसलो म्हणान."

"सायब हसलो म्हणान?"

"सगळेच हसले."

सुभद्राने पदराने जमिनीवरची नसलेली धूळ पुसली.

"तू पण हसलंस?"

"होय."

बाजेवर हालचाल झाली नाही. पण परशुरामचा श्वास मघासारखा संथ राहिलेला नव्हता, हे गुरुदासला ऐकू येत होतं.

त्याने पाहणीचा कागद मांडीवर घेतला, खिशातलं शाईचं पेन काढलं. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'बांधकाम पक्के आहे. दोष आराखड्यात आहे.' खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. नोकरीची चार वर्षं उरली होती. त्याने सही केली.

मग त्याने दुसरा कोरा कागद काढला. पलीकडच्या तीरावर अशीच आणखी घरं व्हायची होती. त्याने भिंतीची रेघ ओढली, थेट शाईने. पट्टी शोधण्यासाठी पिशवीत हात घातला, आणि तसाच बाहेर काढला.

"अक्का, हात ठेवशीत?"

सुभद्राने बोटं पसरून वीत कागदावर टेकवली. बोटांच्या भेगांत अजून चिखल होता. गुरुदासने अंगठ्याशी एक खूण केली, करंगळीशी एक. तिच्या तोंडाकडे पाहायचा धीर त्याला झाला नाही.

"एकच काडलंस?"

परशुरामने मान वळवली होती. सकाळपासून पहिल्यांदाच.

"समोरच्या भितीक पण होया. पाणी इला तसा जावक होया मां."

गुरुदासने मान हलवली आणि कागद फिरवून घेतला. सुभद्राने हात उचलला, लुगड्याला पुसला, आणि पुन्हा ठेवला.