भावोजींच्या उमेदवारीचं वर्ष

आमच्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर भावोजींचं विनोदी सदर असायचं आणि गावातले पुढारी त्याला टरकून असायचे. मी तिथला उपसंपादक आणि भावोजींचा सख्खा मेहुणा. त्यामुळे त्यांचं अक्षर लावणं आणि ज्यांची सालटी निघाली त्यांच्या फोनवरच्या शिव्या खाणं, दोन्ही माझ्याच गळ्यात. सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष तर अंक शेवटच्या पानापासून उघडायचे. त्यांच्या दाढीच्या कलपावर भावोजींनी तीन लेख लिहिले होते.

मग कुठल्याशा लग्नात अध्यक्षांनी भावोजींच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं सभागृहात हवीत." झालं. निवडणुकीचं तिकीट भावोजींच्या डोक्यात जे शिरलं, ते निघेना.

आधी सदरातून कलप गेला. दाढी म्हणे वैयक्तिक बाब असते. मग रस्त्यातले खड्डे गेले, कारण कंत्राटदार अध्यक्षांचा साडू. मग वाटलं, इथे डाळ शिजली नाही तर विरोधकांच्या दारात जावं लागेल, म्हणून त्यांनाही अभय. उरले डास. पण आरोग्य समितीच्या बाई तिकीटवाटपाला बसतात हे कळल्यावर डासांवरचा लेख भावोजींनी धापा टाकत येऊन परत नेला. शेवटी त्यांनी चंद्रावर लिहिलं, आणि त्यातूनही डागांचं वाक्य काढून टाकलं.

"भावोजी, लोक हसत नाहीयेत हो," मी एकदा म्हणालो.

"तुला राजकारणातलं काय कळतं? तू मुद्रितं तपास."

ताईने तर कार्यकर्ते येतील म्हणून बाहेरच्या खोलीत आठ खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. तिला काय बोलणार?

यादी लागली. भावोजींच्या वॉर्डातलं तिकीट एका व्यंगचित्रकाराला मिळालं होतं. कालचं पोरगं, पण वर्षभर दर आठवड्याला त्याने अध्यक्षांची अब्रू वेशीला टांगली होती. भावोजी मला ओढतच अध्यक्षांच्या कार्यालयात घेऊन गेले.

"मी वर्षभर तुमच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाही," भावोजी म्हणाले. "आणि तिकीट त्याला?"

"म्हणून तर," अध्यक्ष चहा ढवळत म्हणाले. "त्याला गप्प करायला मला एक जागा खर्चावी लागली. तुमच्यासाठीही ठेवली होती की. पण तुम्ही आपण होऊनच गप्प बसलात. मग ती वाया कशाला घालवू?"

राग अध्यक्षांचा यायला हवा होता. मला आला भावोजींचा.

कचेरीत परतल्यावर त्यांनी खुर्ची ओढली. "आता बघच तू. याला उभा सोलतो." मी छपाई थांबवायला सांगितली, शेवटचं पान रिकामं ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला होता की मी तीनदा उगाचच त्यांच्या टेबलाशी जाऊन आलो. दोन तासांनी त्यांनी कागद माझ्या हातात दिला. पहिलीच ओळ होती, 'आमचे आदरणीय, कर्तव्यदक्ष अध्यक्ष म्हणजे या गावाचं भाग्य.' खालच्या सगळ्या ओळी तशाच.

"भावोजी, हे उपरोधाने आहे ना?" मी विचारलं.

त्यांनी कागद परत घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला.

"मलाही तेच कळत नाहीये रे," ते म्हणाले.