आईकडची चकरी

डॉक्टरांच्या रिव्हॉल्व्हरने उभ्या जन्मात एकाही माणसाकडे तोंड केलं नव्हतं. डॉक्टर गुरांचे होते. औषध, टाके, पट्टी यांतलं काहीच ज्याला वाचवू शकत नाही त्या जनावराला तडफडत ठेवायचं नाही, एवढ्याचसाठी ते शस्त्र त्यांच्या बॅगेत जायचं. पाय मोडलेला घोडा, ट्रकखाली सापडलेली म्हैस, असं काही. त्यांच्या गुरूंनी निवृत्त होताना ते त्यांच्या हवाली केलं होतं आणि तेव्हाच ते जुनं होतं. मुठीचं लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं.

घरात मात्र ते कधीच सबंध नसायचं. लग्न होऊन आल्या आल्या आईने म्हणे सांगून टाकलं होतं, की या घरात एक तर हे राहील नाहीतर मी. डॉक्टरांनी तोड काढली. गोळ्या दवाखान्यातल्या तिजोरीत, मूठ आणि नळी त्यांच्या टेबलाच्या खणात, आणि मधली भोकांची फिरती चकरी आईच्या कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली, तेलकट फडक्यात गुंडाळून. बोलावणं आलं की डॉक्टर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "चकरी दे गं." आई हात पुसत विचारायची, कुणाचं जनावर, काय झालंय, दुसरं काही करण्यासारखं नाही का. डॉक्टर कितीही घाईत असले तरी सगळं सांगायचे. मग ती कपाट उघडायची. परत आल्यावर हात धुऊन ते चकरी तिच्या हातातच द्यायचे. टेबलावर, फळीवर ठेवून मोकळे झाले असं कधी घडलं नाही.

त्यांच्या धाकट्या लेकीने हे लहानपणापासून इतक्यांदा पाहिलं होतं, की तिला त्यात काही विशेष वाटेनासं झालं होतं. कुणाच्या घरी दाराची कडी दोनदा ओढून बघायची सवय असते, तशी ही आपल्या घरची सवय.

मग डॉक्टर गेले, चालताबोलता, दवाखान्याच्या पायरीवर. कंपाउंडरने गोळ्या त्याच आठवड्यात पोलिसांकडे जमा करून टाकल्या. दवाखान्याला लागून असलेलं घर सरकारी. ते सोडायचं होतं. आईने धाकटीकडे राहायला यायचं ठरलं. तिचा दादा लांबच्या शहरात, त्याच्या घरी त्याचीच माणसं मावत नव्हती. भांडी वाटून झाली, पुस्तकं कॉलेजला गेली, आणि घोडं अडलं ते रिव्हॉल्व्हरपाशी. परवाना माणसाबरोबर संपला होता. एक तर वारसांपैकी कुणी आपल्या नावावर नवा परवाना काढून ते ठेवायचं, नाहीतर परवानाधारक दुकानात विकून टाकायचं.

दादाचं मत फोनवरून आलं: बाबांच्या हातातली वस्तू आहे, विकायची कसली. ठेवायची कुठे, यावर मात्र त्याने सोयीस्कर मौन पाळलं. धाकटीचा नवरा म्हणाला, आपल्या घरी आधीच एक स्फोटक वस्तू आहे, आणि झोपलेल्या भिंगरीकडे बोट दाखवलं.

भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी, तीन वर्षांची. एका जागी म्हणून ठरत नव्हती, म्हणून हे नाव. धाकटी तिच्यामागे डोळ्यांत तेल घालून फिरायची. टेबलांच्या कोपऱ्यांना तिने स्पंज चिकटवले होते, विजेच्या भोकांना प्लास्टिकची बुचं बसवली होती, द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ते भिंगरीच्या ताटलीत पडत नव्हतं. नवरा म्हणायचा, उद्या तू हिला हवासुद्धा गाळून देशील. तिला हसू यायचं, पण रात्री ती उठून मुलीच्या नाकाखाली बोट धरून बघायचीच. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक टोकदार बाजू असते आणि ती आपल्याच मुलीकडे वळलेली असते, हे तिला आई झाल्या दिवसापासून दिसायला लागलं होतं. अशा बाईच्या घरात रिव्हॉल्व्हर.

कचेरीतून संमतीपत्र आलं: वडिलांच्या शस्त्राचं काय करायचं ते धाकटीने ठरवावं, बाकीच्या वारसांची हरकत नाही. दादाने कुरकुरत सही करून पाठवली. आईने चष्मा न लावताच केली. धाकटीने विचारलं, मग काय करायचं आई, विकायचं ना? आई म्हणाली, "बघू." आईचा हा 'बघू' सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो हो नसायचा, नाहीही नसायचा. भिंतीला टेकून बसलेल्या माणसासारखा तो नुसता असायचा.

एके दिवशी धाकटी भिंगरीला घेऊन जुन्या घरी सामान बांधायला गेली होती. आतल्या खोलीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, पोकळ, थांबून थांबून. तिने डोकावून पाहिलं तर आई पलंगावर कपडे निवडत बसलेली आणि शेजारी भिंगरी चकरी तोंडाला लावून एकेका भोकात फुंकर मारतेय. मग तिने एका भोकात करंगळी घातली आणि ती फिरवायला लागली. धाकटी आत धावली. तिने झडप घालून चकरी ओढून घेतली. भिंगरीने भोकाड पसरलं.

"अगं, रिकामी आहे," आई म्हणाली. "नुसतं लोखंड आहे ते. मीच दिली तिला."

"तूच दिलीस? आई, कशाला काय म्हणायचं काही कळतं का तुला?"

आईने धाकटीच्या हातातून चकरी घेतली, फडक्याने पुसली, पहिल्यासारखी गुंडाळली आणि लोकरीच्या कपड्यांखाली ठेवून दिली. धाकटीला ते पुसणं फार लागलं. जणू घाण मुलीच्या तोंडाची होती, लोखंडाची नव्हती. पुढे कितीतरी दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की बाबा परत आल्यावरही आई ती अशीच पुसायची, त्याच हाताने, तेवढाच वेळ.

दुसऱ्या दिवशी ती बंदुकांच्या दुकानात चौकशीला गेली. लोखंडी जाळीमागे एक म्हातारे, टापटीप गृहस्थ बसले होते. आजूबाजूला एवढी हत्यारं, पण ते डबीतली बडीशेप निवडत होते. तिने खणातला भाग दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा केला आणि म्हणाले, "ताई, अर्धी कात्री कुणी विकत घेतं का? याची चकरी कुठाय?" आईकडे आहे, ती म्हणाली. मग आईंना विचारून घेऊन या, ते म्हणाले, आणि मन ठरत नसेल तर दुसरीही सोय आहे. वस्तू आमच्याकडे ठेव म्हणून राहू दे, वर्षभर विचार करा, घरात न्यायला नको आणि विकायलाही नको.

ही सोय तिने नीट ऐकली होती. नंतर स्वतःची समजूत घालायला तिने पुष्कळ गोष्टी पुढे केल्या, पण ऐकली नव्हती असं तिला कधी म्हणता आलं नाही. तेव्हा तिला फक्त सुटायचं होतं. वर्षभर टांगणीला जीव ठेवायची तिची तयारी नव्हती. आणि विचारायचं तरी काय? विचारलं की 'बघू' येणार. सही तर झालेलीच होती, काळ्या छपाईखाली निळी.

शेजारीण खोकी बांधायला दोरी देणार होती, म्हणून आई भिंगरीला घेऊन तिच्याकडे गेली. धाकटी आईच्या कपाटापुढे उभी राहिली. कपाटाला कुलूप नव्हतं. कधीच नव्हतं. लहानपणी ती या कपाटातून आईचे रुमाल, पावडर, काय काय पळवायची, पण लोकरीच्या कपड्यांखाली हात घालायचं धाडस तिने किंवा दादाने कधी केलं नव्हतं. खुद्द बाबांनीही नाही. हा विचार तिच्या मनात आला, क्षणभर थांबला आणि तिने त्याला बाजूला सारलं. फडक्यातूनही चकरी हाताला थंड लागली. तिने ती पर्समध्ये, खणातल्या भागाशेजारी टाकली आणि बाहेर गाडीत थांबलेल्या नवऱ्याला म्हणाली, चल.

"आईंना सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सही केलीये तिने."

तो गाडी चालवताना एकदाच म्हणाला, की सही आणि सांगणं यात फरक असतो बहुतेक. तिने खिडकीबाहेर पाहिलं.

दुकानदारांनी फडकं सोडलं, चकरी जागेवर सरकवली, आडवा खिळा आत ढकलला आणि अंगठ्याने एकदा फिरवली. बारीक, लयीत टकटक झाली. ते दोन भाग एकमेकांत असे बसले, की सांधा दिसेना. धाकटी बघतच राहिली. त्या घरात जन्माला येऊन, वाढून, लग्न होऊन जाऊनही तिने ते सबंध असं आजच पाहिलं होतं. बाबा ते बाहेर जोडायचे, बाहेरच सुटं करायचे. सबंध असताना ते किती लहान दिसत होतं. तिला वाटलं होतं, फार मोठं असेल.

"छान ठेवलंय," दुकानदार म्हणाले. "दोन हातांनी सांभाळलेलं कळतं. ताई, अजूनही मन बदलायचं तर सांगा. एकदा विक्रीच्या पुस्तकात चढवलं की माझ्या हातात राहणार नाही."

तिच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघराचं दार आलं, दारातले बाबा, एका पायावर भार टाकून उभे, पोरासारखे वाट बघत. आणि त्याच्यावर लगेच दुसरं चित्र चढलं: काळ्या भोकात शिरलेली भिंगरीची इवलीशी करंगळी. तिने सही केली. बाहेर आल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटलंही, गाडीपर्यंत.

आईच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. लोकरीचे कपडे तिने स्वतःच खोक्यात भरायला काढले. धाकटी दारात उभी होती; ती शब्द जुळवूनच आली होती, मुलगी, घर, जबाबदारी, कायदा. आईने कपडे एकेक करून उचलले, झटकले, पलंगावर ठेवले. कपाटाच्या फळीवर तेलाचा एक डाग तेवढा उरला होता. तिने त्यावर हात ठेवला.

"विकलंस?"

"हो."

"बरं झालं. मलाही ते नकोच होतं."

धाकटी दारातून आत आली. तिने जुळवलेल्या शब्दांना आता जागाच नव्हती. "मग तू बघू का म्हणालीस?"

आई पलंगावर बसली. "मला वाटलं, तू येशील मागायला. कागदाचं काय गं, कागदावर मी विजेच्या मीटरसाठीही सही केली." मग तिने एक गोष्ट सांगितली, जी धाकटीने आजवर ऐकली नव्हती. एकदा पोस्टमनच्या कुत्रीसाठी डॉक्टर चकरी मागायला आले होते आणि आईने नाही म्हटलं होतं. तिला वाटलं, जगेल. लाडकी कुत्री होती, रोज दारात यायची. डॉक्टर रिकाम्या हाताने गेले, कुत्रीजवळ बसून राहिले. ती जगली नाही, आणि सुखाने गेलीही नाही.

"माझं चुकलं होतं. हे एका शब्दाने बोलले नाहीत मला. आणि पुढच्या खेपेला परत आले, तसेच दारात. दे गं म्हणून." आईने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. "माझं चुकलं म्हणून त्यांनी विचारायचं सोडलं नाही. तू तर मला चुकायलाही दिलं नाहीस."

धाकटी म्हणाली, मी परत आणते, आत्ता जाते, दुकानदार चांगले आहेत, वर्षभर त्यांच्याकडे ठेवता येतं. आई नको म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर धाकटीने भांडून घेतलं असतं, रडून घेतलं असतं, गळ्यात पडली असती. राग नव्हता. "ती माझ्या हातून जायला हवी होती, एवढंच," आई म्हणाली. "आता आणून काय उपयोग. चल, दोरी दे इकडे."

पुढच्या आठवड्यात आई राहायला आली. तिची खोली धाकटीने हौसेने लावली होती, उजेडाची, खिडकीला जाळी. आईने सगळं छान आहे म्हटलं. भिंगरी तिच्याभोवती गरगर फिरली. नवऱ्याने सासूबाईंसाठी खास उंच खुर्ची आणली आणि म्हणाला, आता या घरात तक्रार करायला माझ्या बाजूचं कुणीतरी आलं. आई हसलीसुद्धा.

सकाळी धाकटी दात घासत होती, तर आई दारात आली. "चहा ठेवू का गं?" धाकटी म्हणाली, अगं, ठेव की. थोड्या वेळाने, "ह्या कपात घेऊ?" मग, "खिडकी उघडली तर चालेल?" "पेपर आधी मी वाचू का?" धाकटीला आधी वाटलं, नवीन जागा आहे, रुळेल. पण दिवस जात राहिले आणि विचारणं काही थांबेना. टोमणा म्हणावा तर आवाजात टोमणा नव्हता. आई अगदी मनापासून विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. पंखा लावण्याआधी विचारायची. स्वतःची साडी दोरीवर वाळत घालण्याआधी विचारायची. एकदा धाकटी चिडून म्हणाली, आई, हे तुझंच घर आहे, विचारतेस काय सारखी. आई म्हणाली, "विचारलेलं बरं असतं." आणि पुन्हा विचारलं, की मोरीतली बादली जरा सरकवू का.

नवरा म्हणाला, होईल हळूहळू. धाकटी मान हलवायची. तिला माहीत होतं, की ज्या घरात आईला कुणी विचारावं असं काहीच उरलेलं नाही, त्या घरात आता विचारायचं काम आईकडे आलं आहे. माफी मागायला ती दोनदा आईच्या खोलीपर्यंत जाऊन परत आली. आत गेली असती तर आई म्हणाली असती, कशाची माफी, बरं झालं विकलंस. आणि ते खरंही होतं, हेच अवघड होतं.

एका दुपारी भिंगरी पळता पळता उंबऱ्याला अडखळून पडली. लागलं नव्हतं फारसं, पण तिने श्वास रोखून रडायची तयारी केली. धाकटी स्वयंपाकघरात, हात पिठाने भरलेले. आई जवळ, अगदी हाताच्या अंतरावर, खुर्चीत. आईचे दोन्ही हात पुढे झाले आणि मध्येच थांबले. तिने मान वळवून लेकीकडे पाहिलं.

"हिला उचलून घेऊ का?"

भिंगरीचं रडणं फुटलं. धाकटीला हो म्हणायचं होतं. आई हात तसेच पुढे धरून थांबली होती, वाट बघत.