माणसाला होते ती गरमी

डॉक्टरकडून घरी आल्या आल्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझा टॉवेल दोन बोटांत धरून वेगळ्या बादलीत टाकला, त्यावर भसाभसा डेटॉल ओतलं आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आजपासून तुझं ताटही वेगळं ठेवू."

एरवी माझ्या जिभेला हाड नाही असं माहेरी म्हणतात. त्या दिवशी मात्र जीभ टाळ्याला चिकटली.

दुखणं तसं छोटं होतं. बडोद्याचा मे महिना, हरणीहून अलकापुरीच्या ऑफिसात रोज स्कूटर, अंगाला घट्ट चिकटलेली लेगिंग. जांघेत लाल चट्टे उठले आणि अशी खाज की मीटिंगमध्ये बसवेना. बरेच दिवस मी गप्पच राहिले, कारण 'तिथलं' काही झालं की ते सांगायला आपल्याकडे शब्द नसतात, नुसत्या खाणाखुणा असतात. शेवटी आईंनाच सांगितलं. त्या मला सोसायटीमागच्या लेडी डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरबाईंनी बघितलं, "गभराशो नहीं, क्रीम लगावजो," म्हणाल्या आणि मी औषध घ्यायला खाली उतरले. आई वरच थांबल्या. खाली आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"घरी चल."

मला पहिला आठवला तो कॅन्सर. मोठं काही असलं की डॉक्टर पेशंटशी गोड बोलतात आणि खरं ते नातेवाइकांना सांगतात, हे कुणाला माहीत नाही? त्यात रात्री आईंनी कुणालला फर्मावलं, "रसिकाला ताप आहे, तू हॉलमध्ये अण्णांजवळ झोप." अण्णा म्हणजे माझे सासरे. माझा नवरा आज्ञाधारक. मला ताप नाही हे हात लावून बघायची तसदीही न घेता त्याने उशी उचलली. मी एकटी पडून पोटावर, मानेवर, काखेत गाठी चाचपत राहिले. मला मरायचं नव्हतं. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

सकाळी कुणाल गोरव्याला कारखान्यात गेला, सासरे वाचनालयात गेले. आई संडासात फिनाईल ओतत होत्या. मी दारात उभी राहिले.

"आई, मला काय झालंय ते आत्ताच्या आत्ता सांगा. नाहीतर मी परत डॉक्टरकडे जाते."

त्यांनी बाटली खाली ठेवली. "तुझा दोष नाही गं. तू चांगल्या घरची. बाहेरचा रोग आहे. कुणालने आणला असणार."

बाहेरचा रोग. मला कळायला क्षणभर लागलं, आणि कळल्यावर मी तिथेच खाली बसले. कुणाल मशीन बसवायला महिन्या-दोन महिन्यांनी दहेजला जातो. गेस्टहाउसमध्ये राहतो. परत येतो तेव्हा माझ्यासाठी चिक्की आणतो आणि लाडात येतो. त्या लाडाचं कारण आता मला दुसरंच दिसायला लागलं. चिक्कीचंसुद्धा. आम्ही मूल हवं म्हणून वाट बघत होतो, आणि त्या बाळाच्या अंगावरही हे चट्टे उठतील असं चित्र डोळ्यांसमोर आलं. भीतीने माझे दात वाजत होते, बडोद्याच्या मे महिन्यात.

"फोन द्या माझा. विचारते त्याला."

आईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "काही विचारू नकोस. पुरुष कबूल करत नाहीत, आणि विचारलं की घर मोडतं. वेगळी झोप, वेगळी जेव, हसतमुख राहा. निभतं. आणि त्याचाही काय इलाज? बापाच्या रक्तातून मुलात उतरतंच."

"बापाच्या?"

त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या.

"कुणाल पाळण्यात होता. हे तेव्हा रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये होते, यांना जांघेत असंच झालं होतं. रेल्वेच्या डॉक्टरकडे मी औषध आणायला गेले तर तो गुजराती कंपाउंडर सगळ्यांदेखत म्हणाला, साहेबांना हे झालंय म्हणून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवसापासून मी पाळण्याशेजारी अंथरूण घातलं ते घातलंच."

अण्णा. जे शेजारणीशी बोलतानासुद्धा जमिनीकडे बघतात, ते अण्णा.

"हे म्हणजे काय, आई? कंपाउंडर काय म्हणाला? नेमका शब्द सांगा."

"तोच. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या तोच." त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला वाकावं लागलं. "गरमी."

मला हसू फुटलं. आदल्या दुपारपासून छातीवर बसलेला धोंडा एकदम निघाला तर माणूस दुसरं काय करणार! "अहो आई, गरमी! गरमी म्हणजे उष्णता! गुजरातीत घामोळ्यालाही गरमी म्हणतात, नाकातून रक्त आलं तरी गरमीच म्हणतात!"

"हवेची गरमी मला कळते. माणसाला होते ती गरमी वेगळी. मिरजेला आमच्या शाळेच्या वाटेवर भिंतीवर रंगवलेलं असायचं, 'गरमी, परमा, गुप्तरोग, खात्रीशीर इलाज'. आम्ही मुली माना खाली घालून पळायचो. मी काही खुळी नाही, रसिका."

मी बडोद्यात वाढलेली. ती भिंत मी कधी वाचलीच नव्हती. मी डॉक्टरबाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि लाजलज्जा सोडून सगळं विचारलं.

"अरे ना ना बेन!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "गरमी एटले तडको, परसेवो. आ तो धाधर छे. तमारा मराठीमां शुं कहो, नायटा? टुवाल जुदो राखजो, ए सारुं. पण थाळी शा माटे जुदी?" म्हणजे उन्हाची, घामाची गरमी; हा साधा नायटा, टॉवेल वेगळा ठेवा, पण ताट कशाला? मग त्यांनी हेही सांगितलं, की तो दुसरा रोगही ताटावाटीतून किंवा संडासातून होत नाही, रक्त तपासलं की कळतो आणि इंजेक्शनने बराही होतो. नुसती भीती धरून बसण्यासारखं त्यात काही नाही.

मी फोन ठेवला आणि नाचायचीच बाकी होते. मग आईंकडे लक्ष गेलं. त्या हसत नव्हत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या. काल माझ्यासाठी घाबरल्या होत्या त्याहून कितीतरी जास्त त्या आता घाबरल्या होत्या.

"आई, इतकी वर्षं शेजारणी पोरांच्या घामोळ्यांना गरमी म्हणताना ऐकलंत ना तुम्ही? कधी शंका आली नाही?"

"आली," त्या म्हणाल्या. "पण तोवर कुणाल शाळेत जायला लागला होता. शंका खरी निघाली असती तर मी काय केलं असतं? यांना कुठल्या तोंडाने सांगितलं असतं? म्हणून मग मी शंकाच येऊ दिली नाही."

मी त्यांचा हात धरला.

तेवढ्यात दार वाजलं. अण्णा आले. चपला काढून त्यांनी नेहमीप्रमाणे पाणी मागितलं. मी उठणार तोच आई उठल्या, पाणी घेऊन गेल्या आणि पेला हातात न देता तशाच उभ्या राहिल्या.

"अहो, कुणाल पाळण्यात असताना तुम्हाला मांडीत झालं होतं, ते काय होतं?"

अण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली. "नायटा. शेडमध्ये घामाने सगळ्यांनाच व्हायचा. आज काय त्याचं?"

"मला ती गरमी वाटली."

अण्णाही मराठीच. त्यांच्या पिढीला दोन्ही अर्थ माहीत होते. ते खुर्चीत बसले आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "मला वाटलं, तुला माझ्या अंगाचा डिझेलचा वास सोसत नाही. म्हणून मी घरी आलो की दोनदा साबण लावायचो."

आईंच्या हातातलं पाणी साडीवर सांडलं.

"एकदा विचारायचंस तरी, शालिनी."

"तुम्ही तरी विचारलंत?"

मला तिथे उभं राहणं असह्य झालं. मी आत जाऊन दार लावलं, कुणालला फोन केला आणि दहेज, गेस्टहाउस, चिक्की, त्याच्याबद्दल मला जे जे वाटलं होतं ते सगळं एका दमात सांगून टाकलं. तो आधी हसला, मग भयंकर चिडला. चिडू दे.