गाळण्याला दोन मार्क

नूपुरला घरात 'अर्धी-अर्धी' म्हणत. कारण तिची पदवीच तशी होती. एकाच बी.ए.त मराठीही आणि अर्थशास्त्रही, दोन्ही विषय सारख्याच वजनाचे. फणसवाडीतल्या त्यांच्या इमारतीत हे प्रकरण कोणाच्या पचनी पडलं नव्हतं.

"म्हणजे कविता करायच्या आणि त्यावर व्याज लावायचं, असंच ना गं?" दुसऱ्या मजल्यावरच्या सरोजिनीकाकू जिन्यात भेटल्या की विचारायच्या.

कॉलेजातही तीच गत. अर्थशास्त्राचे सर तिला 'मराठीवाल्यांची पाहुणी' म्हणायचे आणि मराठीच्या बाई 'आकडेवाल्यांकडची'. शेवटच्या वर्षाला दोन्ही विभागांना चालेल असा एकच प्रकल्प करायचा होता. विषय शोधण्यातच डिसेंबर उलटून गेला.

विषय मिळाला तो आईच्या कपाटात. संक्रांतीच्या आधी तिची आई वैशाली कपाट आवरायला बसली, तेव्हा खालच्या कप्प्यातून प्लॅस्टिकच्या डब्या, वाट्या, आरसे, चमचे असा ढीग बाहेर आला. सगळं हळदीकुंकवाचं वाण.

"आई, यातलं तू वापरतेस काय?"

"काही नाही."

"मग ठेवतेस कशाला?"

"पुढे कोणाला तरी द्यायला."

"आणि ती?"

"ती पण पुढे देईल. वाण लुटायचं असतं बाई, त्याचा हिशोब नसतो मांडायचा."

नूपुरने नेमका तोच मांडायचं ठरवलं. सर खूश झाले. म्हणाले, "प्रत्येक वस्तूला उपयोगाचे मार्क द्यायला लाव, दहापैकी." बाई म्हणाल्या, "मार्क देताना बायका काय बोलतात, ते शब्दाला शब्द उतरवून घे."

मग नूपुर दारोदार फिरली. नावं कुठे येणार नाहीत म्हटल्यावर बायकांच्या जिभा सैल सुटल्या. एकीने तर मार्क शून्याच्या खाली देता येतात का, असंही विचारलं. सर्वांत वरच्या मजल्यावर सुमतीआजी एकट्या राहायच्या. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. नूपुरने तिथेही बेल वाजवली.

"आजी, तुमच्याकडे वाण किती जमलंय?"

"माझ्याकडे? एकही नाही," आजी मजेत म्हणाल्या. "मला कोण बोलावतंय? या इमारतीत रिकामं कपाट फक्त माझं. लिही तुझ्या अर्थशास्त्रात, सर्वांत श्रीमंत बाई, चौथा मजला."

नूपुर हसली. तिने कागदावर शून्य लिहिलं. पण जिना उतरताना त्या शून्यावरून तिचं लक्ष हलेना.

रथसप्तमीला सरोजिनीकाकूंकडे हळदीकुंकू होतं. अत्तर लागलं, ओल्या हरभऱ्याची उसळ झाली आणि काकूंनी सगळ्यांदेखत फर्मान काढलं, "नूपुर, तुझं संशोधन वाचून दाखव. कळू दे आम्हाला, काय शिकतेस ते."

वैशालीने डोळे वटारले. नूपुर गडबडली, पण आता माघार कशी घेणार? तिने वाचायला सुरुवात केली. "स्टीलची वाटी, सहा. हातातला आरसा, चार. माशाच्या आकाराची साबणाची डबी, एक."

डबीला नाव लिहिलेलं नव्हतं, पण ती कोणाकडून आली हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. वैशालीने पदर तोंडाला लावला.

"ती मी दिली होती," काकू म्हणाल्या.

"काकू, तसं नाही, म्हणजे सरासरी काढली तर..."

"अगं, सरासरी कसली काढतेस? मला स्वतःलाच ती आवडली नव्हती. साबण ठेवला की तोंडातून फेस काढायचा तो मासा." बायका अशा हसल्या की उसळीच्या वाट्या हिंदकळल्या. "वाच पुढे. अजून कोणाची उतरवतेस?"

शेवटची ओळ राहिली होती. नूपुर थांबली, मग वाचली. "चौथा मजला. वाण शून्य."

आता मात्र कोणी हसलं नाही. जी ती दुसरीकडे बघू लागली. प्रत्येकीला वाटत होतं, आपण नाही बोलावलं तरी दुसरी कोणी बोलावत असेल.

"आम्ही दोघी एकाच वर्षी या इमारतीत आलो," काकू हळूच म्हणाल्या. आणि मग नेहमीच्या आवाजात, "नूपुर, जा वर. घेऊन ये त्यांना."

सुमतीआजींनी दार उघडलं, निरोप ऐकला आणि म्हणाल्या, "मालिका चालू आहे."

"आजी, सगळ्या थांबल्यात."

"थांबू देत. मी नाही का थांबले?"

मग मालिका संपली, साडी बदलून झाली, केस विंचरून झाले, तरी आजींचा पाय उंबऱ्यातून निघेना. नूपुरने हात पुढे केला, तो त्यांनी जरा घट्टच धरला. खाली काकू करंडा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांचं बोट आजींच्या कपाळाजवळ क्षणभर अडखळलं.

"लाव गं, चावत नाही मी," आजी म्हणाल्या.

काकूंनी कुंकू लावलं, ओंजळीत तिळगूळ दिला आणि या वर्षीचं वाण, चहाचं गाळणं, हातात ठेवलं. आजींनी ते उजेडात धरून उलटसुलट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नूपुर तक्ता पुरा करायला पुन्हा वर गेली. तिच्या मनात आकडा तयारच होता.

"आजी, गाळण्याला किती मार्क?"

"दोन."

"फक्त दोन?"

"भोकं मोठी आहेत. पावडर खाली येते. उसळीला आठ घाल. आणि सरोजिनी रात्री जेवणं झाल्यावर वर आली होती, गप्पांत रात्रीचे बारा वाजवलेन तिनं. तिला किती घालायचे, ते तुझ्या सरांना विचार."

नूपुरने खरंच विचारलं. सरांनी चष्मा काढून तक्ता पाहिला. "उसळीचा रकाना नाहीये यात. आणि माणसांना मार्क देता येत नाहीत."

शेजारच्या खुर्चीवर मराठीच्या बाई आजींचं बोलणं वाचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "रकाना नाही, तर वाढवा की," त्या म्हणाल्या.

सरांनी चष्मा परत चढवला. मग नूपुरला म्हणाले, "म्हणजे पाहुणीबाई, पुन्हा सगळ्यांच्या घरी जावं लागणार तुम्हाला."

संध्याकाळी नूपुर वही घेऊन निघाली, तेव्हा वैशालीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "या वेळी साबणाचं नाव काढू नकोस हं!"