दहाव्या प्रश्नाचं उत्तर

"नाव लिहायचं नाही हं, नांग पेरिंग. निनावी आहे," लोवेला तिसऱ्यांदा म्हणाली.

"कळलं गं बाई. पंचावन्न वर्षांची आहे मी, पाच नाही."

लोवेला ही एचआरमधली पोर, वर्षभरापूर्वी आलेली; इथल्या रीतीने मला नांग, म्हणजे ताई म्हणते. हातात कागदांचा गठ्ठा, काखेत पुठ्ठ्याची पेटी. मनिलातली कुठलीशी संस्था 'काम करायला उत्तम कंपनी' असं बक्षीस देणार होती आणि आमच्या मालकांना ते हवं होतं. म्हणून सेबूच्या 'हबागात मीडिया'मध्ये, म्हणजे एक दैनिक, एक रेडिओ आणि एक वेबसाइट एवढ्या संसारात, सगळ्यांना विचारणं चाललं होतं की बाबांनो, इथे तुम्हाला कसं वाटतं. वेबसाइटवाल्या पोरांनी फोनवर टिचक्या मारून उत्तरं दिली. आम्हा जुन्यांना कागद.

नऊ प्रश्नांना एक ते पाचमधल्या आकड्याभोवती गोल करायचा. दहावा प्रश्न: इथे काम करण्याविषयी तुमचं मत मोकळेपणाने लिहा. खाली आठ रेघा.

"मी लिहिलं, आपण सगळे एक कुटुंब आहोत," रेडिओवरचा डोडोंग म्हणाला. "माझ्या घरीही कुणी कुणाचं ऐकत नाही."

सगळे हसले. मीही हसले आणि पाठ वळवून लिहायला बसले. आठ रेघा पुरल्या नाहीत, मागे लिहिलं. कागद पेटीत टाकला, जागेवर आले आणि रविवारच्या पुरवणीचं पान वाचायला घेतलं.

मी मुद्रितं तपासते. छापायला जाणारं पान कागदावर काढून माझ्याकडे येतं. मी वाचते, चुका काढते आणि खाली उजव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं आणि वेळ टाकते. ती नसतील तर छापखाना पान घेत नाही. सत्तावीस वर्षं हेच. त्या शुक्रवारीही पान संपलं, हात कोपऱ्याकडे गेला, 'पे. स., १२.०५' लिहून झालं आणि मी पेन खाली ठेवलं.

मघाशी त्या कागदावरही मी हेच केलं होतं. मागच्या बाजूला, खाली उजवीकडे. पे. स., ११.४०. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जगातली दुसरी कुठली बाई निनावी कागदावर वेळ घालून सही करील?

आणि लिहिलं होतं ते काही कँटीनची कॉफी पांचट असते, एवढंच नव्हतं.

मागल्या वर्षी बोहोलला जाणारी एक बोट बुडाली. बुडालेल्यांच्या यादीत आम्ही एका जित्याजागत्या मुलीचं नाव छापलं. तिच्या आईने घरात प्रार्थना मांडली आणि दुसऱ्या दिवशी मुलगी दारात उभी. वकिलाची नोटीस आली. त्या पानावर आद्याक्षरं तासियोची होती, वेळ रात्रीची ८.२०. तासियो माझ्या शेजारच्या टेबलावरचा, बावीस वर्षांपासूनचा सोबती. तो म्हणाला, हे पान मी पाहिलंच नाही, आठ वीसला मी खाली पेरिंगबरोबर जेवत होतो. संपादक एमिल सरांनी मला बोलावून विचारलं, किती वाजले होते? मी म्हणाले, घड्याळ पाहिलं नव्हतं.

पाहिलं होतं. तासियो शेवटचा घास खात होता आणि समोर भिंतीवर आठ पंचवीस झाले होते. त्या पानाच्या कोपऱ्यातलं अक्षर सरांचं होतं. सत्तावीस वर्षं त्यांच्या दुरुस्त्या वाचतेय, मला कळणार नाही? घाईत त्यांनी पान तसंच सोडलं आणि कोपरा स्वतःच भरला. पण सात मुद्रितशोधकांचे आम्ही दोघे उरलो होतो, आणि दोघांपैकी एक जाणार हे दारावरच्या रखवालदारालाही माहीत होतं. मी घड्याळ पाहिलं नाही, म्हणून तो गेला. जाताना बिचारा सगळ्यांना सांगत होता, "पेरिंगला बोल लावू नका. जेवायला बसली की तिला कसलं भान असतं?"

हे सगळं मी त्या कागदावर ओकले होते. निनावी म्हणूनच ओकले होते. नाहीतर एवढी छाती कुठली माझी.

मग दुपारभर माझा जीव थाऱ्यावर नाही. एक पान वाचलं ते दोनदा वाचावं लागलं. पाणी प्यायच्या निमित्ताने वर गेले, लोवेलाच्या खोलीच्या काचेतून पेटी दिसली, पण लोवेला जेवायला गेलेली आणि दाराला कुलूप. खाली आले. पुन्हा वर गेले. आता ती होती, पण तिच्यासमोर दोघे बसलेले. जिन्यात एमिल सर भेटले.

"काय नांग, भरलात ना फॉर्म? चांगलं चांगलं लिहा. बक्षीस मिळालं तर सगळ्यांना लेचॉन माझ्याकडून, अख्खं डुक्कर भाजू."

"लिहिलंय सर."

"तुम्ही काय, घरच्याच आहात," ते म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत उतरून गेले. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, यांना कळलंय आणि हे मला खेळवतायत. मी हिशोब करू लागले. साठीपर्यंत अजून पाच वर्षं. आता या वयात मला कोण ठेवणार? चूक शोधणारं माणूस हवंय कुणाला हल्ली.

चार वाजता शेवटी लोवेला एकटी सापडली. पेटी उघडी, कागदांच्या दोन चळती. एक उंच, एक अगदी बारकी. मी तोंड उघडायच्या आत तिने बारक्या चळतीतला वरचा कागद माझ्यापुढे धरला.

"तुमचा ना?"

"वाचलास?"

"कोपरा पाहिला आणि पालथा ठेवला. देवाशप्पथ." मग खालच्या आवाजात, "घेऊन जा नांग. दहावा प्रश्न तसाही पाठवायचा नाहीये. मनिलाला फक्त आकडे जातात. ज्यांनी कुणी लिहिलंय त्यांचे आकडे उतरवून घेतलेत, कागद फाडायचे आहेत मला."

"मग विचारता कशाला?"

"फॉर्म तसाच छापून आला," ती बिचारी म्हणाली. "मला वाटलं, रेघा आहेत तर असू देत."

मी कागद घेतला. सुटले, असं म्हणत जिना उतरले आणि अर्ध्या जिन्यात माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर रात्री कूस बदलत होते, दुपारपासून देवाचा धावा करत होते, आणि ते कुणी वाचणारच नव्हतं. आकडे भरायला तेवढी मी उपयोगाची. कागद फाडायला दोन्ही हातांत धरला होता, पण फाडवेना. कुणा वकिलासमोर नाही, देवासमोर नाही, कुणातरी एका माणसासमोर हे वाचलं जायला हवं होतं, आणि ते माणूस कोण, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्यापासूनच तर हे वर्षभर लपवत होते.

तासियोचं दुकान विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत आहे. झेरॉक्स, बाइंडिंग, टायपिंग. पोरांचे प्रबंध छापता छापता चुका दुरुस्त करून देतो, फुकट, आणि वर शिव्या देतो. मी गेले तेव्हा एका पोराला झापत होता.

"अरे, आभारात आईचं नाव तरी धड लिही! ये पेरिंग. आज लवकर सुटका?"

"हे वाच," मी म्हटलं.

त्याने चष्मा चढवला, हातात लाल पेन घेतलं. सवयच ती. पेनचं टोक ओळीखालून सरकू लागलं. तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम घातला. कागद उलटला. मागे चौथ्या ओळीवर पेन थांबलं आणि मग पुढे सरकेचना.

"आठ पंचवीस," तो म्हणाला.

"हो."

"तू बघितलं होतंस."

"हो, तासियो."

"मी जेवताना बोललो होतो तुला, उद्या आंबे आणतो म्हणून. ते आठवतंय?"

"आठवतंय."

तो उठला. कागदाच्या दोन्ही बाजू मशीनवर काढल्या, प्रत खणात ठेवली, मूळ कागद मला परत दिला. पोरगं अजून तिथेच उभं होतं, त्याला म्हणाला, "तुझं उद्या घे." मग माझ्याकडे न बघता बायकोचा विषय काढला, "रोसिंगला यातलं काही कळू द्यायचं नाही. ती दर रविवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी बाकावर जागा धरते. वर्षभर म्हणतेय, पेरिंग एकटी पडली असेल हो तिकडे."

मी रडले. त्याने रडू दिलं आणि मशीनचा कागद बदलत राहिला.

शनिवारी सकाळी तो कागद मी एमिल सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला.

"प्रत आहे?"

"आहे. माझ्याकडे नाही."

"सोमवारी मालक येतायत," ते म्हणाले. "तोवर घरी थांबा." बाहेर पडले आणि खरं सांगते, वर्षात पहिल्यांदा भूक लागली होती.

रविवारी जाऊ की नको करत चर्चला उशिरा पोचले. रोसिंगने पर्स उचलून जागा केली आणि माझ्या मांडीवर थोपटलं. पलीकडे तासियो. तो समोर बघत होता. प्रार्थना झाल्या, गाणं झालं, मग हात हातात घेऊन सगळ्यांनी एकमेकांना शांती द्यायची वेळ आली. रोसिंगने मला मिठी मारली. तासियोने पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याचा हात धरला, मागच्या मुलांचे धरले. मग त्याच्या आणि माझ्यामध्ये फक्त रोसिंग उरली.

"अहो, पेरिंगला द्या ना," ती हसत म्हणाली आणि मागे सरून उभी राहिली.

मी हात पुढे केला. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. पाद्री पुढची प्रार्थना म्हणू लागले, लोक पुन्हा समोर वळले, रोसिंगही वळली. मी हात तसाच धरून ठेवला होता.