दोन वेलांट्यांची जागा

दादाच्या दुकानात एक नियम होता: गिऱ्हाइकानं नाव स्वतःच्या हातानं कागदावर लिहून द्यायचं, खाली सही करायची, मगच दादा पितळेला छिन्नी लावणार. एकदा एका डॉक्टरचं नाव नुसतं ऐकून कोरलं होतं. डॉक्टर पाटी बघून असा काही बिथरला, की शेवटी ती पाटी दादाच्या घरी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पडली. दुधानं तोंड पोळलेला दादा तेव्हापासून ताकही फुंकून पीत होता. नाव कितीही सोपं असो, 'लिहून द्या' हे ठरलेलं.

हाच नियम त्यानं सख्ख्या भाचीलाही लावला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

मुलीला आजीचं नाव ठेवायचं, यावर घरात दुमत नव्हतं. आजी म्हणजे दादाची आणि धाकट्या बहिणीची, म्हणजे मुलीच्या आईची, आई, दोन वर्षांपूर्वी गेलेली. नाव जुन्या वळणाचं, तीन अक्षरी. भांडण होतं ते मधल्या अक्षराच्या वेलांटीवरून. आई आयुष्यभर सही करताना दुसरी वेलांटी काढायची, तीही इतकी ऐसपैस की शेवटचं अक्षर बिचारं कोपऱ्यात अंग चोरून बसायचं. धाकटीला तीच हवी होती. धाकटीचा नवरा मुद्रितशोधक, दिवसभर छापखान्यात बसून लोकांच्या वेलांट्या सुधारणारा माणूस. शुद्ध रूप पहिल्या वेलांटीचंच, असं तो सांगे. पोटच्या पोरीचं नाव चुकीचं लिहिलं तर छापखान्यात तोंड कसं दाखवू, म्हणे. माझी आई चुकीची नव्हती, असं धाकटी म्हणाली. मी आईबद्दल नाही, वेलांटीबद्दल बोलतोय, असं तो म्हणाला. झालं! मूल पोटात होतं तेव्हापासून हे चालू होतं. मूल पाळण्यात आलं तरी यांचं नमनालाच घडाभर तेल.

दोघंही दादाकडे बघायची. थोरला तो, आई त्याची, अक्षरांचा धंदा त्याचा. त्यानं एक शब्द टाकला असता तर दोघांनी मुकाट ऐकलं असतं. पण बहिणीची बाजू घेतली तर भाऊजी रुसणार, भाऊजींची घेतली तर बहीण तोंड फिरवणार. दादानं नियम पुढं केला आणि स्वतः त्याच्यामागं लपला. दोघांनी मिळून एकाच कागदावर एकच नाव लिहून द्या, म्हणाला. वर, मामा झाल्याच्या आनंदात, एक पुस्ती जोडली: पाटी पाळण्याला लागेल त्याच दिवशी पोरीला नावानं हाक मारायची, तोवर कुणी नाव उच्चारायचं नाही. सगळे हसले. कल्पना सगळ्यांनाच आवडली.

तोवर ती 'पाहुणी' होती. पाहुणी उठली, पाहुणीनं दूध ओकलं, पाहुणीला मामाचा अंगठा सोडवत नाही. दादानं हौसेनं पाटी आधीच करायला घेतली. पहिलं आणि शेवटचं अक्षर कोरून त्यांत काळी लाख भरली. मधलं अक्षर तेवढं बोडकं ठेवलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वेलांटीपुरती जागा सोडली.

सोळाव्या दिवशी पाहुणीला धाप लागली. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवल्यावर नर्सनं नाव विचारलं. बाळाशी नावानं बोललेलं बरं असतं, म्हणाली. नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. अजून ठरायचंय, असं भाऊजींनी सांगितलं. नर्सनं मनगटाच्या पट्टीवर 'मुलगी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पट्टी कापून धाकटीच्या हातात दिली.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी भाऊजी दुकानात आले. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण चुकलेलं. त्यांनी एक फॉर्म गल्ल्यावर ठेवला. जन्माच्या आणि मृत्यूच्या दोन्ही दाखल्यांवर एकच नाव लागतं, उद्यापर्यंत दिलं नाही तर दोन्हीकडे नुसतं 'मुलगी' राहील, असं कारकुनानं सांगितलं होतं. मग खिशातून त्यांनी चिठ्ठी काढली. नाव, खाली सही. दुसरी वेलांटी, सासूबाई काढायच्या तशी ऐसपैस. तिला सांगू नका, आपोआप ठरलं असं दाखवा, एवढं बोलून ते निघून गेले.

दादा दुपारी दुकान बंद करून फॉर्म घेऊन बहिणीच्या घरी गेला. पाळणा खोलीत तसाच होता, आत धुतलेली लंगोटं घडी घालून ठेवलेली. चार दिवसांनी भाऊजींचा आत्ताच डोळा लागलाय, असं धाकटी म्हणाली आणि आतल्या खोलीचं दार तिनं ओढून घेतलं. मग उशीखालून एक चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. नाव, खाली सही. पहिली वेलांटी. "त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली.

सहा महिने जी दोघं तसूभर हटली नव्हती, ती एकाच दिवशी, एकमेकांना चोरून हरली होती. आणि ज्या कागदासाठी तो अडून बसला होता, तसे दोन कागद आता त्याच्याजवळ होते. त्यानं ही चिठ्ठीही खिशात, भाऊजींच्या चिठ्ठीशेजारी ठेवली.

"दादा, तू एकदा हाक मारून बघ," धाकटी म्हणाली. "पहिल्या वेलांटीची."

दादाच्या जिभेला ते नाव नवखं होतं. आईला कोण नावानं हाक मारतं? त्यानं कसंबसं, रिकाम्या पाळण्याकडे बघत, नाव घेतलं.

"आता दुसरीची."

त्यानं पुन्हा घेतलं. तीन अक्षरं, तीच. कानाला तसूभर फरक नव्हता. दादाला हे आधी ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? आयुष्य अक्षरांत गेलं त्याचं. पण काखेत कळसा असलेल्या माणसाला कुणीतरी तो दाखवावा लागतो.

"सारखंच तर आहे," धाकटी म्हणाली. "मग आपण कशाला थांबलो? सतरा दिवस होती रे ती. तिला एकदाही कुणी नावानं हाक मारली नाही."

"मी सांगितलं होतं थांबायला."

"आम्ही ऐकलं ना."

दादाला लपायला कोणत्याच नियमामागं आता जागा नव्हती. धाकटी उठून पाळण्यापाशी गेली आणि तिनं हाक मारली. पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं, अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलवावं तशी.

आतून भाऊजींचा झोपेनं जड झालेला आवाज आला. "हळू. उठेल ती."

बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि भाऊजी चौकटीला धरून उभे राहिले. धाकटीनं जाऊन त्यांचं चुकलेलं बटण काढून नीट लावलं.

दादानं फॉर्म मांडीवर घेतला. दोन्ही चिठ्ठ्या खिशातच ठेवल्या. कुणाला काही न विचारता, आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं दुसऱ्याच्या घरचं नाव स्वतःच्या मनानं लिहिलं, आईच्या दुसऱ्या वेलांटीनं. लिहून झाल्यावर फॉर्म दोघांपुढं धरला.

दोघांनी सह्या केल्या. वेलांटी कोणती, ते कुणी पाहिलं नाही.