श्यामशेजारची जागा

सातवी 'ब'मध्ये चांगलं वागण्याचं बक्षीस एकच होतं, श्यामशेजारची जागा. शाळा सुरू झाली तशी करंदीकर बाईंनी वर्गभर नजर फिरवली, सगळ्यात शांत मुलगी हेरली आणि सगळ्यात द्वाड मुलगा तिच्या बाकावर आणून बसवला. नारायण पेठेतल्या त्या शाळेत हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं बाई हसत म्हणाल्या. रझियाचा गुण श्यामला लागणार होता. रझियाला काय लागणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तिला कर्कटकाचं टोक लागलं. मग वेणीला च्युइंगम लागलं. डब्यात खडूची भुकटी यायला लागली आणि कानाशी रोज एक नवं, घाणेरडं नाव. श्याम हे सगळं इतक्या हलक्या हातानं करायचा की पुढच्या बाकाला पत्ता लागत नसे.

तिनं बाईंना सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, त्याच्या घरचं वातावरण बरं नाही, तू समजूतदार आहेस, सांभाळून घे. घरी अम्मीला सांगितलं, तर अम्मी म्हणाली, बाईंनी विश्वासानं बसवलंय, कुरकुर केली तर बरं दिसणार नाही. अब्बा बुधवार पेठेतल्या दुकानातून दमून आलेले असायचे, त्यांना सांगावंसंच वाटेना. बारा वर्षांची पोर, पण सकाळी उठायची तीच थकलेली.

पालकसभेत बाईंनी वर्ग किती शांत झालाय ते कौतुकानं सांगितलं. ते खोटं नव्हतं. श्यामचा सगळा दंगा आता एका बाकावर मावत होता. बाकीच्यांचं काय जात होतं?

मूल्यशिक्षणाच्या तासाला बाईंनी विचारलं, चारित्र्यवान कोणाला म्हणावं? भराभर हात वर झाले. खरं बोलणारा, मोठ्यांचा मान राखणारा, दुसऱ्याला मदत करणारा. रझियानं हात वर केला नाही. तिचं उत्तर तयार होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. ज्याच्या अंगावर वाईट माणूस ढकलून बाकीच्यांना निवांत बसता येतं, तो चांगला. आपण असला विचार करतो याची तिला लाज वाटली, पण तो काही जाईना.

मग तिनं वाईट व्हायचं ठरवलं. गृहपाठ करणं सोडलं, तासाला बडबड केली, एकदा उलट उत्तरही दिलं. अंगवळणी नसलेलं काम, फार जड गेलं. पण बाईंनी कपाळावर हात मारला. गुण उलटाच लागला म्हणाल्या आणि तिला उचलून खिडकीपाशी बसवलं. रझियानं किती तरी दिवसांनी पाठ टेकली.

तेवढ्यात बाईंची नजर पुन्हा वर्गावरून फिरली. "शालू, तू ये इकडे."

शालू म्हणजे धडा वाच म्हटलं तरी डोळ्यांत पाणी आणणारी. ती दप्तर घेऊन उभी राहिली. श्यामनं सरकून तिला जागा करून दिली, अगदी अदबीनं.

रझियाला नकोसं झालं. आत्ता कुठे सुटली होती ती. गप्प राहिली असती तर वर्ष सुखात गेलं असतं. पण ती उठली.

"बाई, शालूला नका बसवू. त्याला तुमच्या टेबलाशेजारी बसवा. तुमचा गुण लवकर लागेल."

तिला उद्धटपणा करायचा नव्हता, तेवढं बळच उरलं नव्हतं. बाई रागावल्याही नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, हा शेजारी बसल्यावर मी शिकवू कशी?"

"मग मी शिकायचं कसं, बाई?"

बाईंनी टेबलावरच्या वह्या एका बाजूला सारल्या आणि श्यामला पुढे बोलावलं.

रझिया खाली बसली. तिनं बाकावर डोकं ठेवलं आणि भर तासात तिला झोप लागली. तिला कुणी उठवलं नाही.